क्षेपणास्त्र-संरक्षणात कुणाच्या वाट्याला किती, हे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
इंटरसेप्टरच्या वाटपाची गणिते मांडणारे विश्लेषक
आणि त्या गणितांवर सही करणारे अधिकारी,
ते ज्या कुठल्या देशात असतील तिथे.

सप्रेम नमस्कार.

मी ऑपरेशन्स रिसर्च शिकवते, म्हणजे हाताशी असलेली मोजकी साधने कशी वापरावीत हे गणिताने ठरवण्याचे शास्त्र. येणारी क्षेपणास्त्रे आणि ती पाडणारे इंटरसेप्टर यांचा मेळ कसा घालायचा, कोणता इंटरसेप्टर कशावर सोडायचा, हा ‘शस्त्र-लक्ष्य वाटपा’चा प्रश्न मी दरवर्षी वर्गात घेते. यंदा जुन्या टिपणातले उदाहरण तपासताना त्यातला एकच आकडा बदलून पाहिला, आणि जे दिसले त्यानंतर हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. उदाहरण छोटे आहे, कागदावर सुटते. तुम्ही रोज याहून हजारपटीने मोठी गणिते सोडवता हे मला माहीत आहे. तरी एकदा माझ्याबरोबर हे सोडवा.

चार ठिकाणांवर एकेक क्षेपणास्त्र येत आहे: लष्करी विमानतळ, वीजकेंद्र, शहर आणि लहानसे गाव. हाताशी सहा इंटरसेप्टर आहेत. एका इंटरसेप्टरने एक क्षेपणास्त्र पडण्याची संभाव्यता ०.७. ठिकाणांचे महत्त्व दाखवणारे भारांक अनुक्रमे १०, ६, ५ आणि १. एकूण मूल्य झाले २२, त्यातले जास्तीत जास्त वाचवायचे.

विमानतळासाठी पहिला इंटरसेप्टर सोडला की १० गुणिले ०.७, म्हणजे ७ एवढे मूल्य वाचते. त्याच क्षेपणास्त्रावर दुसरा सोडला, तर तो पहिला चुकला तरच कामाला येतो. म्हणून त्याची भर १० गुणिले ०.३ गुणिले ०.७, फक्त २.१. तिसऱ्याची ०.६३. वीजकेंद्राच्या पहिल्याची भर ४.२, दुसऱ्याची १.२६. शहराच्या पहिल्याची ३.५, दुसऱ्याची १.०५. गावाच्या पहिल्याची ०.७. आता हे आकडे उतरत्या क्रमाने मांडून वरचे सहा उचलायचे: ७, ४.२, ३.५, २.१, १.२६, १.०५. इंटरसेप्टर संपले. विमानतळाला दोन, वीजकेंद्राला दोन, शहराला दोन. गावाचा ०.७ सातव्या क्रमांकावर राहिला. गावाला शून्य.

उत्तर बरोबर आहे. सगळे इंटरसेप्टर एकसारखे असतील तर असे एकेक करून वाटत जाण्याने खरोखरच सर्वोत्तम वाटप मिळते, हे सिद्ध झालेले आहे. मी बदलला तो आकडा गावाचा भारांक. १ च्या जागी १.६ लिहिले. गावाच्या पहिल्या इंटरसेप्टरची भर १.१२ झाली, शहराच्या दुसऱ्याच्या १.०५ ला मागे टाकून. गावाची सुरक्षा शून्यावरून ७० टक्के झाली, शहराची ९१ वरून ७० वर आली. उंबरठा नेमका १.५ वर आहे. त्याच्या अलीकडे गावाकडे कुणी पाहत नाही, पलीकडे गाव वाचण्याची शक्यता शंभरात सत्तर.

आणि तो १ कुठून आला होता? मीच लिहिला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून.

तुमच्या तक्त्यातला तो आकडा कुठून येतो, हे मला विचारायचे आहे.

वर्गातल्या गावात कुणी राहत नाही. पण खऱ्या नकाशावर हे घडलेले आहे. इस्रायलची आयर्न डोम यंत्रणा २०११ पासून वापरात आहे. येणारे रॉकेट कुठे पडणार हे ती आधी काढते, आणि ते मोकळ्या जागेत पडणार असेल तर सोडून देते. यात गैर काही नाही. रिकाम्या माळावर इंटरसेप्टर उधळणे म्हणजे पुढच्या रॉकेटसाठी भाता रिकामा करणे. पण ‘मोकळी जागा’ कशाला म्हणायचे, ती रेघ कुणीतरी आखावी लागते. नेगेव्हच्या वाळवंटातल्या, सरकारी मान्यता नसलेल्या बेदुइन (मूळच्या भटक्या अरब समाजाच्या) वस्त्या त्या रेघेच्या बाहेर, मोकळ्या जागेत धरल्या गेल्या होत्या. जुलै २०१४ मध्ये तिथे रॉकेट पडून एक माणूस गेला, आणि वस्त्यांच्या संरक्षणाचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गणिताच्या भाषेत त्या वस्त्यांचा भारांक शून्य होता. त्या शून्याखाली कुणी माणसाने ‘इथे कुणी राहत नाही’ असे लिहून सही केली असती का? मला वाटते, सही करायची वेळ आली असती तर तो आधी तिकडे जाऊन पाहून आला असता.

आपल्या विषयाची एक जुनी सवय इथे आड येते. ॲलन मॅन यांनी १९५८ मध्ये हा प्रश्न शोधनिबंधात मांडला, तेव्हापासून भारांक ‘दिलेले आहेत’ असे धरूनच पुढची बहुतेक बुद्धी खर्च झाली. तसे होणे समजण्याजोगे आहे, कारण प्रश्न सोडवायला खरोखर अवघड. इंटरसेप्टर वेगवेगळ्या जातींचे आणि वेगवेगळ्या जागी असले, की वर केले तसे एकेक वाटणे पुरत नाही. २० इंटरसेप्टर आणि २० लक्ष्ये घेतली तर वाटपाचे पर्याय होतात २० चा २० वा घात, म्हणजे सुमारे एकावर २६ शून्ये. १९८६ मध्ये लॉइड आणि विट्सेनहाउसेन यांनी हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ असल्याचे, म्हणजे आकार वाढला की अचूक उत्तर झटपट काढणारी रीत माहीत नसलेल्या प्रश्नांपैकी असल्याचे दाखवले. २००७ मध्ये अहुजा, कुमार, झा आणि ऑर्लिन यांनी ८० शस्त्रे आणि ८० लक्ष्यांपर्यंतची गणिते अचूक सोडवून दाखवली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, मी ते शिकवते. पण ८० लक्ष्यांच्या त्या ओळीत प्रत्येकासमोर एक भारांक असतो, आणि तो कसा ठरला यावर आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच काही सापडते.

आता दुसरा आकडा, ०.७. वर्गात तोही मी गृहीतच धरते. तुमच्याकडे तो चाचण्यांतून आणि युद्धातल्या नोंदींतून येतो. या आकड्याबाबत मला भारांकाइतकीच काळजी वाटते, कारण तोसुद्धा इंटरसेप्टर कुणाकडे जाणार ते ठरवतो, आणि ते सहजी लक्षात येत नाही.

आपल्या शास्त्राच्या जन्माच्या वेळची गोष्ट आठवा. १९४० मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट हे भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटनच्या विमानवेधी तोफखान्याच्या मदतीला आले, तेव्हा एक विमान पाडायला सरासरी २०,००० गोळे लागत होते. पुढच्या वर्षापर्यंत तो आकडा ४,००० वर आला. या कामातच एक कोडे समोर आले. किनाऱ्यावरच्या तोफा आतल्या भागातल्या तोफांपेक्षा दुप्पट प्रभावी दिसत होत्या. तोफा त्याच, रडार तेच. कारण सापडले ते असे: जमिनीवर पाडलेल्या विमानाचे अवशेष मोजता येत होते, समुद्रावर पाडल्याचा दावा तपासायला कुणी नव्हते. दावे फुगलेले होते, तोफा नव्हे. आता विचार करा, हे लक्षात आले नसते आणि त्या आकड्यांवरून तोफांचे वाटप ठरवले असते, तर काय झाले असते?

अर्ध्या शतकानंतर, १९९१ च्या आखाती युद्धात, अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी पॅट्रियट यंत्रणेच्या यशाचे मोठमोठे आकडे जाहीर झाले. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी संस्थेने १९९२ मध्ये नोंदी तपासल्या. स्फोटक शीर्ष नष्ट झाल्याचा सर्वांत भक्कम पुरावा फक्त ९ टक्के चकमकींत मिळाला. उरलेल्या ९१ टक्क्यांत अपयश आले असे याने ठरत नाही. एवढेच ठरते की ते आकडे भक्कम पुराव्यावर उभे नव्हते.

त्याच युद्धातली धहरानची घटना तुम्हाला पाठ असेल, पण वाटपाच्या नजरेने ती पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे. २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियात धहरानची पॅट्रियट तुकडी शंभराहून अधिक तास न थांबता चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते, आणि एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण संपत नाही. २४ बिटांत ती कापून ठेवली होती. कापलेला तुकडा अगदी नगण्य, पण शंभर तासांत साचत साचत तो ०.३४ सेकंदांचा झाला. एवढ्या वेळात इराकचे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जाते. रडारने आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात पाहिले, तिथे काही दिसले नाही, इंटरसेप्टर सुटलाच नाही. बराकीतले २८ सैनिक मारले गेले. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचले.

वाटपाचे गणित त्या रात्री काय म्हणाले असते? एका स्कडवर एक इंटरसेप्टर ठेवला तर ०.७, दोन ठेवले तर ०.९१, चार ठेवले तर ०.९९. प्रत्यक्षात चार काय, चाळीस ठेवले असते तरी शून्यच. कारण सगळे इंटरसेप्टर एकाच घड्याळावर चालत होते. ०.३ गुणिले ०.३ असा गुणाकार आपण करतो, तेव्हा पहिल्याचे चुकणे आणि दुसऱ्याचे चुकणे यांचा एकमेकांशी संबंध नाही असे धरतो. हा संबंध असतो. घड्याळ एक, रडार एक, ओळख पटवणारे सॉफ्टवेअर एक. नकली शीर्षाने रडार फसले तर एकामागून एक सोडलेले सगळेच इंटरसेप्टर नकली शीर्षामागे जातात.

हे माझ्या छोट्या तक्त्यात घालून पाहिले. समजा, येणाऱ्या दर दहा क्षेपणास्त्रांपैकी एकाची ओळखच पटत नाही आणि त्याच्यावर काही सोडले तरी फुकट जाते. उरलेल्या नऊंवर एका इंटरसेप्टरची संभाव्यता अशी घ्यायची की एकूण सरासरी ०.७ च राहील, म्हणजे सुमारे ०.७८. चाचण्यांच्या अहवालात काहीही बदललेले दिसणार नाही, तिथे ०.७ च लिहिलेले असेल. पण शंभर क्षेपणास्त्रांवर प्रत्येकी चार इंटरसेप्टर सोडले, तर जुन्या हिशेबाने त्यातले सरासरी एकाहूनही कमी सुटते, अपेक्षित संख्या ०.८१. नव्या हिशेबाने दहा सुटतात.

आणि गावाचे काय होते ते पाहा. दुसऱ्या इंटरसेप्टरची भर ०.२१ वरून ०.१६ च्या खाली येते. शहराचा दुसरा इंटरसेप्टर आता १.०५ चा नाही, ०.७८ चा. गावाचा पहिला मात्र होता तसाच, ०.७. उंबरठा १.५ वरून १.११ वर आला. म्हणजे ‘सगळे इंटरसेप्टर एकमेकांपासून स्वतंत्र’ हे आपले सोयीचे गृहीतक महत्त्वाच्या ठिकाणी ढीग रचण्याच्या बाजूने झुकलेले आहे. ज्याला शून्य मिळाले, त्याच्या शून्यात या गृहीतकाचाही हात आहे. हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. वर्गात हे न सांगता मी कितीतरी मुले पुढे पाठवली, त्यातली काही तुमच्या खात्यांत असतील.

‘गावासाठी शहर उघडे टाकायचे का?’ असे तुम्ही विचाराल, आणि हा प्रश्न योग्य आहे. म्हणून किंमत काढू. भारांक १ च ठेवा. आता तक्त्यात एक बंधन घाला: प्रत्येक वस्तीला किमान एक इंटरसेप्टर. शहराचा दुसरा काढून गावाला दिला. वाचणारे अपेक्षित मूल्य १९.११ होते, ते १८.७६ झाले. फरक ०.३५, दोन टक्क्यांहूनही कमी. ही किंमत द्यावी की नाही हे मी सांगत नाही. शहरातल्या ज्यांची सुरक्षा ९१ वरून ७० वर आली त्यांना ती फार मोठी वाटेल, आणि त्यांचेही बरोबर असेल. पण ही किंमत कुणासमोर मांडली गेली होती का? गणित एकदा चालवले, सर्वोत्तम उत्तर छापले, आणि त्याच्या शेजारी दोन टक्क्यांनी कमी पण अगदी वेगळ्या स्वभावाचे उत्तर उभे आहे हे सही करणाऱ्याला कळलेच नाही, तर त्याने निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही. निर्णय एक्सेलच्या एका घरात आधीच होऊन गेला होता.

आणखी एक पर्याय आहे, मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. सहाही इंटरसेप्टर एकदम सोडण्याऐवजी आधी चौघांसाठी एकेक सोडा. काय पडले, काय चुकले ते बघा. मग राहिलेले दोन चुकलेल्यांवर सोडा: जास्त भारांकाच्या दोघांना एकेक, एकच चुकले असेल तर दोन्ही त्याच्यावर. पुन्हा ओळखीची अडचण बाजूला ठेवून हिशेब केला. वाचणारे मूल्य १९.११ वरून २०.३६ वर जाते, आणि गावाची सुरक्षा शून्यावरून सुमारे ८९ टक्के होते. शहराचे काही हिरावले नाही, विमानतळाचे हिरावले नाही, इंटरसेप्टर तेच सहा. मिळाले ते फक्त मध्ये एकदा पाहायला लागणाऱ्या वेळामुळे.

तो वेळ फुकट मिळत नाही. लांबून दिसणारे रडार हवे, पहिला वार दूरवर करणारा थर हवा, नेम लागला की नाही हे क्षणात सांगणारी यंत्रणा हवी. क्षेपणास्त्र फार जवळून सुटले असेल तर वेळ मिळतच नाही. पण खरेदीच्या तक्त्यात ‘आणखी इंटरसेप्टर’ आणि ‘आणखी वेळ’ हे शेजारी मांडले जातात तेव्हा दुसऱ्याचा फायदा सरासरीत पकडून दाखवला जातो. त्याचा खरा फायदा ज्यांना काहीच मिळत नव्हते त्यांना होतो, आणि सरासरी त्यांचे नाव घेत नाही.

समोरचाही हिशेब करतो आहे, याची जाणीव मला आहे. बेल प्रयोगशाळेत प्रिम आणि रीड यांनी १९५० च्या दशकातच सांगितले होते की बचाव असा वाटा की हल्लेखोराला कुठेही मारा केला तरी क्षेपणास्त्रामागे सारखाच मोबदला मिळेल, वाटपातले छिद्र शोधण्यात त्याला काही लाभ उरू नये. २००५ मध्ये जेराल्ड ब्राउन आणि सहकाऱ्यांनी आपल्या तैनातीची हल्लेखोराला पूर्ण माहिती आहे असे धरून दुहेरी इष्टतमीकरण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सर्वोत्तम चालींचे एकत्र गणित, मांडले, तो मला प्रामाणिक मार्ग वाटतो. फक्त त्यातही हल्लेखोराचे भारांक आपल्यासारखेच मानण्याचा मोह होतो. ज्याला धावपट्टी नको, दहशत हवी, त्याच्या तक्त्यात आपले १ चे गाव १० चे असू शकते.

यावरून तुमची सर्वांत मोठी हरकत येते: भारांक उघड केले तर शत्रूला नकाशाच दिल्यासारखे होईल. खरे आहे. कोणत्या ठिकाणाला किती, हे छापा असे मी म्हणत नाही. पण भारांक कोणत्या नियमाने बनतात, हे सांगितल्याने इंटरसेप्टर सोडणारी एकही तुकडी उघडी पडत नाही. लोकसंख्या मोजता का? मोजत असाल तर रात्रीची की दिवसाची? नोंद नसलेली वस्ती मोजता का? रुग्णालय हे इमारत म्हणून मोजता की त्यातल्या माणसांसकट? प्रत्येक वस्तीसाठी किमान पातळी आहे का, नसेल तर ती नको असे कुणी ठरवले? हे नियम लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहासमोर यायला हवेत. आणि पूर्ण तक्ता, आकड्यांसकट, त्या सभागृहाच्या गुप्ततेची शपथ घेतलेल्या समितीसमोर, बंद दाराआड. काही देशांत अणुशस्त्रांचे खर्च असे तपासले जातात, मग भारांकांनाच सवलत का?

विश्लेषक मित्रांनो, यातले पुष्कळसे तुम्हाला कुणाची परवानगी न मागता सुरू करता येईल. ०.७ लिहाल तिथे शेजारी लिहा की हा आकडा किती चकमकींवरून आला आणि त्यातल्या किती अवशेषांवरून पडताळल्या. गणित एकदा स्वतंत्रतेच्या गृहीतकाने चालवलेत तर एकदा सामाईक बिघाड धरून चालवा. किमान पातळीच्या बंधनासह आणि त्याशिवाय, अशी दोन उत्तरे द्या, मधली किंमत ठळक लिहा. गणकयंत्राला यासाठी काही मिनिटे जास्त लागतील.

आणि अधिकाऱ्यांनो, तुमच्यासमोर तक्ता येईल तेव्हा सर्वांत आधी शून्ये शोधा. प्रत्येक शून्यासमोर एक आकडा मागा: भारांक कितीवर गेला असता तर हे शून्य राहिले नसते? तो काढता येतो, माझ्या गावासाठी तो १.५ निघाला. विश्लेषकाने लिहिलेला भारांक आणि हा उंबरठा शेजारी शेजारी ठेवा. १ आणि ४० असे अंतर असेल तर पुढे जा. १ आणि १.५ असेल, तर तो १ कुणी, कधी आणि कशावरून लिहिला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

माझा तक्ता मी या वर्षीपासून वर्गात बदलला आहे. गावासमोरची जागा आता कोरी आहे. आकडा विद्यार्थ्यांनी भरायचा आणि खाली कारण लिहून नाव घालायचे, मग गणित सोडवायला घ्यायचे.

आपली,
ऑपरेशन्स रिसर्चची एक शिक्षिका